पहिला डीएसएलआर घेतला, आता लेन्स कोणती? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

छायाचित्रणाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आहेत आणि त्यांतील अडचणही जवळपास एकच आहे: डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यावर, बरीच रक्कम खर्ची पडली, आता उरलेल्या मोजक्या पैशांत लेन्स कोणती घ्यावी? सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रांचा मजकूर थोडा आटोपता घेऊन उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी साताऱ्यात माध्यमिक शिक्षक आहे. दिवाळीत कॅनन १५००डी हा कॅमेरा १८-५५ मिमी लेन्ससह घेतला. आणखी एका लेन्ससाठी पंधरा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. दुकानदार ७५-३०० मिमी घ्या म्हणतो, तर शाळेतील सहकारी ५० मिमी एफ/१.८ सुचवतात. मला कासची फुले, सज्जनगड आणि ठोसेघर परिसरातील निसर्गदृश्ये आणि घरातील दोन लहान मुले यांची छायाचित्रे काढायची आहेत. कोणाचे ऐकावे?

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नका. दिवाळीपासून काढलेली सगळी छायाचित्रे संगणकावर उघडा आणि प्रत्येक फाइलच्या तपशिलात नोंदलेली फोकल लेंग्थ (मिमीतील आकडा; तो जितका मोठा तितकी दृष्टी अरुंद आणि दूरचे मोठे), आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) आणि शटरचा वेग (प्रकाश किती काळ आत येतो ते) पाहा. ही नोंद कॅमेरा आपोआप करतो, पण नवी लेन्स घेण्यापूर्वी ती वाचणारे फार थोडे. तुमची निम्म्याहून अधिक चित्रे ५५ मिमीवर काढलेली असतील आणि नंतर कडेने कापावी लागली असतील, तर तुम्हाला लांब पल्ल्याची लेन्स हवी आहे. १८ मिमीवर काढूनही कडेला काहीतरी सुटत असेल, तर रुंद कोनाची हवी आहे. घरातील चित्रांपुढे आयएसओ ३२०० किंवा ६४०० असे आकडे दिसत असतील आणि तरीही मुलांचे हात पुसट आले असतील, तर प्रश्न पल्ल्याचा नसून उजेडाचा आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स, जिला सगळे किट लेन्स म्हणतात, तुमच्या कोणत्या कामात कमी पडते हे तुमचीच चित्रे सांगतील. ज्या कामात ती कमी पडत नाही, त्यासाठी एक रुपयाही खर्च करण्याचे कारण नाही.

निसर्गदृश्यांसाठी, माझ्या मते, तुम्हाला आत्ता काहीही घ्यायचे नाही. सज्जनगडावरून उरमोडीच्या जलाशयाचे किंवा ठोसेघरच्या दरीचे चित्र काढताना आपण अ‍ॅपर्चर एफ/८ च्या आसपास ठेवतो (हे लेन्समधील प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे), आणि त्या मापावर साधी किट लेन्स आणि तिच्या अनेक पट किमतीची लेन्स यांतील फरक भिंतीवर लावण्याच्या मध्यम आकाराच्या प्रतीत शोधूनही सापडत नाही. संध्याकाळच्या उजेडासाठी पैसे खर्च करायचेच असतील तर ते बऱ्यापैकी वजनाच्या ट्रायपॉडवर करा. गडावर वारा असतो आणि हलक्या ट्रायपॉडचा तेथे काहीच उपयोग होत नाही.

मुलांच्या चित्रांसाठी मात्र सहकाऱ्यांचा सल्ला योग्य आहे. किट लेन्स ५० मिमीवर असताना तिचे अ‍ॅपर्चर एफ/५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. ५० मिमी एफ/१.८ लेन्स त्याच्या नऊ ते दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे दिवाणखान्यातील दिव्यांच्या उजेडात जे चित्र आयएसओ ६४०० वर काढावे लागत होते, ते त्याच शटर वेगाने आयएसओ ८०० च्या खाली काढता येते आणि चेहऱ्यावरची ती रवाळ खरखर जवळपास नाहीशी होते. या लेन्सची २०१५ साली आलेली एसटीएम (कॅननच्या नव्या फोकस मोटरची) आवृत्ती घ्यावी. तिचा माउंट (कॅमेऱ्याला जोडणारे कडे) धातूचा आहे आणि ती ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस करते, तर जुनी ४५ सेंटीमीटरच्या आत येत नाही. एसटीएम नवी घेतली तरी दहा हजारांच्या घरात मिळते.

तिची एक अडचण आधीच सांगतो. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) फिल्मच्या चौकटीहून लहान असल्याने ५० मिमीची दृष्टी ८० मिमीसारखी अरुंद होते. उभ्या माणसाचे डोक्यापासून पायापर्यंत चित्र घ्यायचे तर कॅमेरा उभा धरूनही तुम्हाला सुमारे चार मीटर मागे सरकावे लागेल. शहरातील सदनिकेच्या खोलीत इतकी जागा क्वचितच मिळते. म्हणून काही जण २४ मिमी एफ/२.८ सुचवतात. तिच्यात तेच चित्र दोन मीटरवरून बसते आणि ती आकाराने चकतीएवढी असल्याने खिशातही मावते. पण किट लेन्स २४ मिमीवर एफ/४ च्या आसपास उघडतेच. त्यामुळे उजेडाचा फायदा केवळ दुप्पट होतो आणि त्यासाठी तुमच्या तुटपुंज्या रकमेतील मोठा वाटा देणे मला पटत नाही. ५० मिमी घ्या आणि तिने चेहरे, हात, पुस्तकात खुपसलेली डोकी टिपा. संपूर्ण कुटुंबाच्या चित्रासाठी किट लेन्स आहेच.

राहिली कासची फुले. ५० मिमीने फुले चांगली येतील अशी अनेकांची समजूत असते, पण ती खरी नाही. ही लेन्स अगदी जवळ नेली तरी सुमारे साडेदहा सेंटीमीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो. तुमची किट लेन्स ५५ मिमीवर ठेवून पंचवीस सेंटीमीटरपर्यंत नेली, तर साधारण साडेसहा सेंटीमीटरचाच भाग चौकट भरून टाकतो. म्हणजे फुलांसाठी हातातली लेन्स नव्या लेन्सहून सरस आहे. सीतेच्या आसवांचे फूल जेमतेम सेंटीमीटरभर असते, तेव्हा हा फरक थोडाथोडका नाही. मात्र कासला पंचवीस सेंटीमीटरपर्यंत जवळ जायचे म्हणजे वाट सोडून फुलांत आडवे व्हायचे. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात २०१२ पासून समाविष्ट असलेल्या या पठारावर तसे करणाऱ्यांनी तेरड्याचे आणि कवल्याचे किती ताटवे चिरडले आहेत, हे तेथे जाणारा प्रत्येक जण पाहतो. वाटेवरूनच चित्र काढायचे तर ५५-२५० मिमी आयएस एसटीएम (आयएस म्हणजे हाताचे कंपन आवरण्याची सोय) ही लेन्स उपयोगी पडते. ती ८५ सेंटीमीटरवरून आठ सेंटीमीटरहूनही कमी रुंदीचा भाग चौकटीत घेते आणि मागची फुले मऊ रंगाच्या पट्ट्यात विरघळवून टाकते.

दुकानदाराने सुचवलेली ७५-३०० घेऊ नका. तिच्यात हात हलल्याने येणारा धूसरपणा कमी करणारी स्थिरीकरणाची सोय नाही, ती दीड मीटरच्या आत फोकस करत नाही आणि ३०० मिमीवर तिचे चित्र बरेच मवाळ येते. ऑगस्ट-सप्टेंबरातील ढगाळ पठारावर तुम्हाला १/५०० चा शटर वेग हाती धरून मिळणार नाही आणि त्याखाली या लेन्सने स्पष्ट चित्र येणे नशिबाचा भाग राहील. आत्ता ५० मिमी घ्या, उरलेले पैसे तसेच ठेवा आणि पुढच्या फुलांच्या हंगामापूर्वी वापरलेली ५५-२५० शोधा. ती कशी तपासावी हे खाली सांगलीच्या वाचकाच्या उत्तरात दिले आहे.

प्रश्न : मी मिरजेत राहते आणि तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांची छायाचित्रमालिका करत आहे. कॅमेरा निकॉन डी३५०० आणि लेन्स १८-५५. कामाच्या खोलीत एका खिडकीचा उजेड आणि वर एक पिवळा दिवा असतो. फ्लॅश लावला की कारागिरांचे कामातील लक्ष उडते, म्हणून तो वापरायचा नाही. एका दुकानात ५० मिमी एफ/१.८ डी ही लेन्स स्वस्तात मिळत आहे. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये, कारण नावाच्या शेवटी असलेल्या त्या ‘डी’ मुळे तुमचे काम अडेल. निकॉनच्या या जुन्या पद्धतीच्या लेन्समध्ये फोकस करणारी मोटर नसते. ती कॅमेऱ्यात असावी लागते, आणि डी३००० तसेच डी५००० मालिकेतील कॅमेऱ्यांत ती नाही. लेन्स बसेल, चित्रही निघेल, पण प्रत्येक वेळी कडे हाताने फिरवून फोकस करावा लागेल. दृश्यदर्शकाच्या कोपऱ्यातील हिरवा ठिपका फोकस जुळल्याचे सांगतो खरे, तरी हलत्या हातावर ते साधणे कष्टाचे आहे. दुकानातील माणसाला हे ठाऊक असतेच असे नाही, म्हणून पैसे देण्यापूर्वी निकॉनच्या लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ (म्हणजे मोटर लेन्समध्येच) ही अक्षरे आहेत की नाहीत, हे स्वतः वाचावे. विट्याहून आलेल्या एका पत्रात याच्या उलट अडचण आहे. त्यांचा कॅमेरा डी३२०० आहे आणि त्यांना एएफ-पी लेन्स भेट मिळाली आहे. त्यांना सांगायचे ते असे की, ही लेन्स त्या कॅमेऱ्यावर हातानेही फोकस होत नाही, कारण तिचे कडे विजेवर चालते आणि तो कॅमेरा तिला ओळखत नाही. डी३५०० वर मात्र ती व्यवस्थित चालते.

तुमच्यासाठी ३५ मिमी एफ/१.८ जी, एएफ-एस डीएक्स (तुमच्यासारख्या लहान सेन्सरसाठीची) ही लेन्स मला योग्य वाटते. २००९ पासून ती बाजारात असल्याने वापरलेलीही सहज मिळते. तुमच्या सेन्सरवर तिची दृष्टी पूर्वीच्या फिल्म कॅमेऱ्यांवरील ५० मिमीसारखी, म्हणजे ना रुंद ना अरुंद अशी, पडते. बसलेला कारागीर, मांडीवरचा तंबोरा आणि भिंतीला टेकवून ठेवलेले भोपळे असे सगळे मिळून दोन-अडीच मीटरवरून चौकटीत येते. ५० मिमीने यांपैकी काहीतरी कापले जाते.

आता उजेडाचे. किट लेन्स ३५ मिमीवर असताना तुम्हाला आयएसओ १६०० ला १/१० सेकंद मिळत असेल, तर या लेन्सने १/६० मिळेल. किट लेन्सवरील ‘व्हीआर’ ही सोय तुमच्या हाताचे कंपन आवरते, कानस चालवणाऱ्या कारागिराचा हात नाही. म्हणून १/१० ला भोपळा सुस्पष्ट आणि बोटे गायब असे चित्र येते. १/६० लाही वेगाने चाललेला हात थोडा फिसकटेल. आयएसओ ३२०० करून १/१२५ गाठावे. डी३५०० ला तेवढा आयएसओ सहज पेलतो.

एफ/१.८ मुळे येणारी दुसरी गोष्ट सांभाळावी लागेल. एक मीटरवरून चित्र काढताना या मापावर केवळ पाच-सहा सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट राहतो. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारीचे (नाद खुलवण्यासाठी ती घासण्याचे) बारीक काम करत असताना त्याचे डोळे आणि त्याची बोटे यांच्यात फूटभर अंतर असते. दोन्ही स्पष्ट येणार नाहीत. कोणते स्पष्ट हवे हे तुम्हीच ठरवायचे आणि कॅमेऱ्याला फोकसचे एकच केंद्र निवडून देऊन ते तेथे ठेवायचे. सगळी केंद्रे चालू ठेवली की कॅमेरा जवळात जवळची वस्तू धरतो आणि ती बहुधा तंबोऱ्याची दांडी असते. हात, घोडी आणि कानस एवढेच चित्र असेल तर एफ/२.८ करा, स्पष्ट भाग नऊ सेंटीमीटरच्या आसपास जाईल.

शक्य असल्यास चित्र घेताना वरचा पिवळा दिवा बंद करण्याची विनंती करावी. उजेड कमी होईल, पण खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळा असे दोन रंग चेहऱ्याच्या दोन बाजूंवर पडले की नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी लाकडाचा आणि त्वचेचा रंग एकाच वेळी बरोबर येत नाही. ही दुरुस्ती फुकट आहे आणि कोणत्याही लेन्सने होत नाही.

प्रश्न : सांगलीत जुन्या लेन्स स्वस्त मिळतात, पण २०१९ च्या महापुरात भिजलेले सामानही बाजारात फिरत असेल अशी शंका येते. वापरलेली लेन्स घेताना काय पाहावे?

उत्तर : शंका रास्त आहे. पाण्यात बुडालेली लेन्स बाहेरून पुसून चकचकीत करता येते, आतून नाही. पूर आला नसता तरी आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागतेच.

दोन्ही बाजूंची झाकणे काढा, मोबाइलचा दिवा एका बाजूने तिरका धरा आणि दुसऱ्या बाजूने आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा काचेच्या कडेपासून आत पसरलेले धागे दिसले तर ती बुरशी. असली लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत द्यावी. बुरशी काचेवरील लेप कायमचा खाऊन टाकते आणि स्वस्त लेन्स उघडून साफ करण्याची मजुरी बहुधा लेन्सच्या किमतीच्या पुढे जाते. दोन-चार धूलिकण दिसले तर घाबरू नये, नव्या लेन्समध्येही ते असतात आणि चित्रात उमटत नाहीत. समोरच्या काचेवरील एखादी बारीक रेघही फारसा त्रास देत नाही. मागच्या काचेवरची मात्र देते, म्हणून ती अधिक बारकाईने पाहावी. काचेच्या आत पाण्याचे वाळलेले डाग, माउंटच्या स्क्रूंवर गंज किंवा स्क्रूंच्या डोक्यावर पेचकस घसरल्याच्या खुणा दिसल्या, तर लेन्स भिजली किंवा कोणीतरी उघडली असे समजून बाजूला व्हावे.

मग आपला कॅमेरा सोबत नेलेला असावा आणि लेन्स त्यावर लावून पाहावी. भिंतीवर वर्तमानपत्राचे पूर्ण पान चिकटवा, कॅमेरा त्याच्या बरोबर समोर धरा, अ‍ॅपर्चर सर्वांत मोठे उघडून चित्र घ्या आणि पडद्यावर चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही कोपरे सारखेच थोडे मवाळ असणे स्वाभाविक आहे. तीन कोपऱ्यांतली अक्षरे वाचता येतात आणि चौथ्यातली येत नाहीत, असे झाले तर आतील भिंग सरकलेले आहे. लेन्स एकदा तरी जोरात पडलेली असते. झूम लेन्स असेल तर हीच परीक्षा दोन्ही टोकांना घ्यावी. फोकस करताना खरखर येते का आणि झूमचे कडे मध्येच अडखळते का, हेही पाहावे. हे सगळे करू न देणाऱ्या विक्रेत्याकडून लेन्स घेऊ नये, एवढे मी स्पष्टच सांगतो.

घरी आणल्यावर ती चामड्याच्या पेटीत किंवा लाकडी कपाटात बंद करून ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी आणि एक साधा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. रंग बदललेले जेल मंद आचेवर तापवून कोरडे केले की पुन्हा वापरता येते. लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तांदूळ ओल फारशी शोषत नाही आणि त्याचा बारीक भुगा झूमच्या फटीत मात्र जातो.

प्रश्न : मायणीच्या तलावावर हिवाळ्यात पक्षी पाहायला जातो. कॅनन कॅमेऱ्यावर ५५-२५० पुरेशी होईल का, की १५०-६०० साठी पैसे साठवावेत?

उत्तर : अंतरावर अवलंबून आहे, आणि अंतर किती हे तुम्हीच जाणता. चित्रबलाक हा सुमारे मीटरभर उंचीचा पक्षी ६० मीटरवर उभा असेल, तर २५० मिमीने तो चौकटीच्या उंचीच्या पाव भागाहून किंचित अधिक भरतो. तीस मीटरवर आला तर निम्म्याहून अधिक भरतो आणि ते चित्र छापण्याजोगे असते. गावच्या बांधावरचा बुलबुल मात्र दहा मीटरच्या आत आणावा लागेल, तेव्हा तो चौकटीचा एक-तृतीयांश होईल. काठावर एका जागी बसून राहिलात तर पक्षी स्वतःच ही अंतरे कमी करतात. चालत त्यांच्या मागे लागलात तर ६०० मिमीही अपुरी पडते.

१५०-६०० या लेन्सची किंमत तुमच्या कॅमेऱ्याहून बरीच अधिक आहे आणि वजन दोन किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे. एक हिवाळा २५० वर काढा. उडत्या पक्ष्यांसाठी शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा, कारण स्थिरीकरणाची सोय पंखांची हालचाल थांबवत नाही. सूर्य पाठीशी राहील असा काठ सकाळीच निवडा, म्हणजे एफ/५.६ ला पुरेसा उजेड मिळेल.

प्रश्न : मी तासगावचा. लग्नसराईत छोटी कामे घेऊन कॅमेऱ्याचे पैसे वसूल करायचे आहेत. कॅनन १५००डी आहे. १८-२०० मिमी घ्यावी की १७-५० एफ/२.८?

उत्तर : या दोहोंपैकी १७-५० एफ/२.८ कितीतरी बरी. सिग्मा आणि टॅमरॉन या दोन्ही कंपन्यांच्या या मापाच्या लेन्स वापरलेल्या मिळतात. ५० मिमीवर ती किट लेन्सच्या चौपट प्रकाश घेते आणि झूम फिरवला तरी अ‍ॅपर्चर बदलत नाही, त्यामुळे एकदा बसवलेले हिशेब बिघडत नाहीत. १८-२०० मध्ये पल्ला मिळतो, पण लांब टोकाला एफ/५.६ च राहतो आणि मंगल कार्यालयात तो पल्ला अंधारात वाया जातो.

तरीही पहिली खरेदी लेन्सची करू नका, फ्लॅशची करा. वर वळवता येणारा फ्लॅश पांढऱ्या छताकडे रोखला की किट लेन्सनेही चेहऱ्यावर मऊ, सारखा उजेड पडतो. छताऐवजी रंगीत मांडवकापड असेल तर मात्र तो रंगच नवरीच्या चेहऱ्यावर येतो. अशा वेळी फ्लॅशला पांढरे कार्ड बांधून उजेड पुढे वळवावा. फ्लॅश विकत घेताना एक गोष्ट आवर्जून तपासा. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांच्या वरच्या खाचेत मधला संपर्कबिंदूच नाही. त्यामुळे केवळ त्या बिंदूवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर (फ्लॅश दूरून पेटवणारी साधने) यांवर चालत नाहीत. कॅननचा किंवा कॅननच्या स्वयंचलित पद्धतीला अनुरूप असल्याची खात्री झालेला फ्लॅश, तोही आपल्या कॅमेऱ्यावर लावून पेटवून पाहिल्यावरच घ्यावा.

कार्यालयातील एलईडी माळांखाली चित्रांत आडवे काळसर पट्टे येतात, अशी तक्रारही तुम्ही पत्रात केली आहे. तो लेन्सचा दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले की बहुतेक ठिकाणी पट्टे जातात.

आणि एक विनंती: दुसरा कॅमेरा हाताशी नसताना कोणाच्या लग्नाची एकट्याने जबाबदारी घेऊ नका. मुहूर्तावर कॅमेरा बंद पडला तर पैसे परत देऊन भागत नाही. पहिली सराई एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराच्या सोबत काढावी.

प्रश्न : पाल येथील खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो. लेन्सवर यूव्ही फिल्टर लावावा का?

उत्तर : एरवी मी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची संरक्षक काच, लावू नये या मताचा आहे. स्वस्त काचेचा फिल्टर समोरच्या दिव्यांचे नको ते प्रतिबिंब चित्रात आणतो, आणि आघातापासून वाचवायला हुड (लेन्सपुढचे कठीण छत्र) अधिक उपयोगी पडतो. पौषातल्या या यात्रेचा दिवस मात्र अपवाद समजावा. हळदीची पूड काचेवर बसली की ती ओल्या कापडाने पुसू नये, पिवळा थर पसरतो आणि कडेच्या फटीत शिरतो. आधी रबरी फुंकणीने उडवावी, मग मऊ ब्रश. झूम लेन्स लांब होताना हवा आत ओढते आणि तिच्याबरोबर भंडाराही, म्हणून गर्दीत शिरण्यापूर्वीच पल्ला ठरवून घ्यावा आणि तेथे लेन्स काढून दुसरी लावण्याचा विचारही करू नये.

प्रश्न : आता सगळे मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळत आहेत. डीएसएलआरच्या लेन्सवर पैसे घालणे वाया तर जाणार नाही?

उत्तर : कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये आपापले नवे माउंट आणले आणि त्यांच्या सर्वांत वरच्या दर्जाच्या डीएसएलआरची शेवटची आवृत्ती २०२० ची आहे, हे खरे. पण याच कारणाने जुन्या माउंटच्या चांगल्या लेन्स लोक विकून टाकत आहेत आणि कमी पैशांत सुरुवात करणाऱ्याला त्याचा लाभच आहे. निकॉनचा जुना माउंट १९५९ पासूनचा आणि कॅननचा १९८७ पासूनचा असल्याने निवडीला तोटा नाही. पुढे मिररलेस घेतलात तर कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस (डीएसएलआरसाठीच्या) लेन्स अ‍ॅडॅप्टरने, म्हणजे मध्ये बसणाऱ्या जोडकड्याने, त्यावर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस आणि अलीकडच्या एएफ-पी लेन्सही चालतात. मिरजेच्या उत्तरात सांगितलेल्या ‘डी’ लेन्सना मात्र निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवरही ऑटोफोकस मिळत नाही. उलट दिशेने हे जमत नाही. मिररलेसमध्ये लेन्स सेन्सरच्या खूप जवळ बसते, त्यामुळे तिच्या लेन्स डीएसएलआरवर लावता येत नाहीत.

त्यामुळे दहा-पंधरा हजारांपर्यंतची लेन्स निर्धास्त घ्यावी, त्याच्या कितीतरी पुढची घेण्यापूर्वी मात्र थांबावे. अ‍ॅडॅप्टर घेण्याची वेळ येईल तेव्हा आतून विद्युत संपर्क असलेलाच घ्यावा. नुसत्या धातूच्या कड्याने लेन्स बसते, पण ऑटोफोकस बंद राहतो आणि आजच्या बहुतेक लेन्सचे अ‍ॅपर्चरही कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.